हळद निघू दे, मग बघू

कढईखाली पऱ्हाट्यांचा जाळ लागला, हळदीचा तो ओला, मातकट, जरासा कडू वास गल्लीत शिरला, की मी माणसांच्या तोंडांकडे निरखून बघायला लागते. कोण हसतंय, कोण जास्तीचं हसतंय, कोणी बोलता बोलता आवाज खाली घेतला. बाकीच्या बायांना हळदीच्या वासानं लग्नं आठवतात. मला संशय आठवतो.

यंदाही कढया लागल्यात. वारंगा फाट्यावरून आमच्या गावाकडे वळलं की दोन्ही बाजूंनी धूरच धूर. अंगणात, खळ्यात, शाळेच्या भिंतीलगतसुद्धा हळकुंडं वाळत पडलीत, कोंबड्यांना हाकलून हाकलून घसा बसतो. आणि यंदा माझ्या डाव्या अंगाला, काखेच्या जरा खाली, तुरीच्या दाण्याएवढी गाठ लागली आहे. आंघोळ करताना साबणाचा हात अडकला. आज अठरा दिवस झाले. कोणालाही बोललेले नाही. पहिल्यांदा या वहीला सांगते आहे. शाळेत गेलेली बाई नाही मी. लेक लग्नाला आली तेव्हा साक्षरतेच्या वर्गात पाटीवर गिरवायला शिकले. पण शिकल्याचा एक फायदा झाला, जे तोंडानं निघत नाही ते हातानं निघतं.

सांगितलं का नाही? भीती आहे, ती कोणाला नसते. पण भीतीहून मोठं कारण दुसरंच आहे. सांगितल्यावर माणसं काय करतात ते मला पक्कं ठाऊक आहे. कारण मी स्वतः केलेलं आहे.

हिंगोली जिल्हा व्हायच्या आदला हंगाम. आम्ही अजून परभणीतच मोडत होतो. हळदीची काढणी चालू होती, पुरुष कुदळीनं गड्डे उकरत होते, आम्ही बाया मुळ्या-माती झाडून फोडत होतो. माझी धाकटी जाऊ सुमन, तोंडानं फटकळ, कामाला वाघीण, मला तुराट्यांच्या गंजीआड घेऊन गेली.

"आक्का, हितं हात लावून बगा."

छातीला डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. कडक, जागची न हलणारी.

"दुखते का गं?"

"न्हाई."

दुखत नाही म्हणाली आणि मला हायसं वाटलं. आमच्याकडे जे दुखत नाही ते दुखणंच नसतं. "मग काय घाबरतीस," मी म्हणाले, "हळद निघू दे, मग बघू."

हे वाक्य आमच्या गावात कोणीही, कशालाही म्हणतं. पोरीचं लग्न ठरवायचंय? हळद निघू दे. घरावरचे पत्रे बदलायचेत? हळद निघू दे. दाढ किडली? तोंडात लवंग धर, हळद निघू दे. आमचं सगळं जगणं त्या एका पिकामागं रांगेत उभं असतं.

पण मी नुसतं थांबायला सांगून थांबले नाही. शेतभर हळद पडलेली, मग औषधाला आणखी कुठं जायचं? ओली हळद पाट्यावर वाटून, चिमूटभर चुना घालून, पळीत कोमट करून रोज दुपारी मी तिच्या गाठीवर लेप लावायचे. दीड महिना. मला वाटायचं, नरम पडून राहिली. तिला वाटायचं नाही.

"आक्का, वाढली."

"न्हाई गं, सूज ओसरताना तशीच लागते हाताला."

कुठं शिकले होते मी हे? कुठंच नाही. तोंडाला आलं ते बोलले. आणि किती ठामपणे बोलले! आजही कोणी छाती ठोकून औषध सांगायला लागलं की मला आधी माझाच त्या वेळचा आवाज ऐकू येतो.

हळद निघाली, शिजली, वाळली, आणि मग आम्ही नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं गाठीत सुई घालून पाहिली. सुमन बाहेर आली ती हसतच, "आक्का, आपण कढईतल्या हळकुंडात काडी घालून बगतो ना, बराबर तसंच. माझी शिजली का बगून राहिलेत." आम्ही दोघी बाकड्यावर बसून तोंडाला पदर लावून हसलो. तेवढंच आमचं मोकळं हसणं. त्यानंतर कितीतरी महिने घरात मोकळं कोणी हसलं नाही, नुसतं गोड हसलं.

कारण डॉक्टरांनी माझ्या दिराला आत बोलावून आजाराचं नाव सांगितलं होतं, आणि घरात ठरलं होतं की सुमनला सांगायचं नाही. नाव कळलं की माणूस निम्मं तिथंच संपतं, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही. तिला सांगितलं, साधी गाठ आहे, काढली की झालं. ऑपरेशन झालं. मग तीन आठवड्यांनी एकदा सलाईनमधून औषध. केस गळाले तर म्हणालो, औषध गरम पडलं.

आणि गोडपणा सुरू झाला. ज्या सुमनशी चुलीवरून, पाण्याच्या पाळीवरून, शेळ्यांच्या चाऱ्यावरून माझी रोज जुंपायची, तिला मी "बस गं बाई, मी करते" म्हणायला लागले. दीर तिच्या पुढं बसून मोसंबी सोलायला लागले. जो माणूस कधी स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्याला नाही, तो मोसंबी सोलतोय!

सुमन एक फोड हातात धरून बघत राहिली. म्हणाली, "काहून समदे एवढे गोड बोलून राहिले? कोण मेलंय?"

"असं अभद्र बोलू न्हाई," मी म्हणाले.

"बगा, आताच तुमी मला शिवी द्यायला पायजे होती. दिली न्हाई."

ती आमच्यावर पहारा ठेवायला लागली. दोघं बोलत असले की दाराआड उभी राहायची. मी डोळे पुसले तर विचारायची, कांदा चिरला का, आणि चुलीशी जाऊन कांद्याची साल पडली का बघून यायची. घरात म्हणायचे, औषधानं डोकं फिरलं तिचं. डोकं तिचंच जागेवर होतं.

आता जे लिहायचंय ते लिहिताना हात अडतो, पण लिहिते. हा आजार लागतो, असं तेव्हा बायाबायांत बोललं जायचं. मला खात्री नव्हती, पण घरात लेकरं होती. म्हणून मी सुमनचा चहा वेगळ्या कपात द्यायला लागले. कान तुटलेला, निळ्या फुलाचा कप. तो बाहेरच्या भिंतीतल्या देवळीत उपडा घातलेला असायचा. तो खैरूनबीचा कप होता. खैरूनबी म्हणजे बांगड्या भरणारी मनियारीण, बाळापूरहून डोक्यावर टोपलं घेऊन यायची. तीस वर्षं आमच्या सासरच्या सगळ्या बायांचे हात तिच्या हातातून गेले होते, पण तिचा चहा त्या कपात आणि कप घराबाहेर. सासूच्या काळापासून तसं होतं, मी कधी विचारसुद्धा केला नाही.

सुमननं कप ओळखला. दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी खैरूनबी आली. ओसरीवर टोपलं उतरवलं. मी चहा केला आणि देवळीकडे हात नेला, तर कप नाही. तो सुमनच्या हातात होता. मी तशीच उभी. खैरूनबीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कपाकडे, आणि फसकन हसली.

"काय गं थोरली, आज मला कशात देतीस? वंजळीत?"

मग सुमनपुढं सरकून बसली. "बराबर हाय. दोन घोट तू घे, दोन घोट मला दे. आपली जात आता एकच." आणि खरोखर तिच्या हातातून कप घेऊन प्याली.

नंतर तिनं सुमनचा डावा हात हातात घेतला. बांगडी भरायची तर हात धरावाच लागतो, दाबावा लागतो, अंगठ्याचं हाड आत वळवावं लागतं. तीन महिन्यांत सुमनचा हात असा कोणी धरला नव्हता. ऑपरेशननंतर तो हात सुजायचा. खैरूनबीनं दाबून बघितला, दुसऱ्या हाताशी लावून बघितला आणि टोपल्याच्या तळातून मोठ्या मापाच्या चार बांगड्या वेगळ्या काढल्या. उजव्या हाताला नेहमीच्या, डाव्याला या. रंग तोच, हिरवा. लांबून कोणाला कळू नये.

"लई तकलीफ देते का गं सूज?"

एवढंच विचारलं आणि सुमन रडायला लागली. तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, हुंदके देऊन. खैरूनबीनं रडू दिलं. मग हळूच म्हणाली, "माय, साध्या गाठीनं असा हात सुजत न्हाई. मी हातच बगत आले जलमभर. तुजा कागद कोणाकडून तरी वाचून घे. घरच्याकडून नको."

त्या रडण्यानं गाठ गेली असं मी म्हणणार नाही. म्हणणाऱ्या पुष्कळ निघाल्या पुढं. मी एवढंच सांगते की त्या दुपारी सुमन दीड भाकर जेवली. आदल्या आठ दिवसांत ती तेवढी जेवली नव्हती.

पुढच्या खेपेला नांदेडहून येताना बसमध्ये शेजारी एक मास्तरीणबाई बसल्या होत्या. मी खिडकीशी, मला डुलकी लागलेली. जागी झाले तर सुमनची फाईल त्या बाईंच्या मांडीवर, आणि बाईंचा चेहरा उतरलेला. सुमन शांतपणे विचारत होती, "वाचा ना बाई. मी घाबरत न्हाई. ह्या घाबरतील." आणि माझ्याकडे बोट. बाईंनी खालमानेनं ते नाव सांगितलं.

फाट्यावर उतरलो. सुमन म्हणाली, "आदी खिचडी खाऊ." टपरीच्या बाकावर तिनं आख्खी थाळी संपवली, वरून मिरची मागितली. मग म्हणाली, "तुमी समदे मिळून माझ्या मरणाची तयारी करून राहिलता, आन् मलाच आवतन न्हाई?"

"सुमे, तुला धसका बसंल म्हून—"

"धसका बसलाच होता की. नुसतं कशाचा ते कळत नव्हतं." आणि जरा थांबून, "आन् तो लेप. दीड महिना. तुमाला म्हनलं होतं का न्हाई वाढली म्हून?"

"म्हनली होतीस."

"मग?"

मी टपरीवाल्याला पैसे द्यायला उठले. पण त्या दिवसापासून ती आमच्याशी भांडायला लागली आणि घर घरासारखं झालं. औषधाची एक तारीख तिनं चुकवली नाही. कोणी "आता बरी दिसतीस" म्हटलं की म्हणायची, "दिसते. हाय का ते डॉक्टरला विचारते." देवाला नवस केला नाही, अंगारा लावला नाही, ज्यांनी आणला त्यांना दारातून परत पाठवलं. रडायची, चिडायची, एकदा तर दिराच्या अंगावर तांब्या फेकला. आणि जगली. आज दहा वर्षं होतील, आहे.

हे असंच संपलं असतं तर मीही म्हणाले असते, बघा, मनाचा खंबीरपणा. पण चार घरं सोडून गयाबाई राहायची.

गयाबाई म्हणजे आमच्या भजनी मंडळाचा गळा. माळकरी, शांत, कोणाला कधी उणा शब्द नाही. सुमननंतर तिसऱ्या हंगामाला तिला तेच निघालं. आणि आता गाव शहाणं झालं होतं बरं का! गाठ हाताला लागल्याच्या आठव्या दिवशी गयाबाई नांदेडला होती. लेप नाही, अंगारा नाही. तिच्यापासून काही लपवलं नाही. वेगळा कप नाही. दर खेपेला सोबत जायला बायांची पाळी लावलेली, एकदाही ती एकटी गेली नाही. संध्याकाळी तिच्या ओसरीवर भजन. ती खाटेवर बसून टाळ धरायची, हसायची, आम्हालाच धीर द्यायची. जे जे असावं म्हणतात ते सगळं तिच्याकडे होतं: देव, माणसं, मन. दुसरी हळद निघायच्या आत गेली. डॉक्टर म्हणाले, ही गाठ निराळ्या चालीची होती, धावणारी.

आणि मग मी गल्लीत जे ऐकलं, त्यानं माझा माणसांवरचा उरलासुरला विश्वास उडाला. "वरून हसत होती हो, आतून खचली असंल." "भजन करायची, पण मनात शंका असंल." आत कोण बघून आलं होतं? तिच्या खाटेशी मी वर्षभर बसले होते, मला तर काही दिसलं नाही. म्हणजे जगली तर मन घट्ट, आणि मेली तर मन कच्चं. आधी निकाल बघायचा आणि मग मनाला मार्क द्यायचे. असला हिशोब कुठल्या मास्तरानं चालू दिला असता?

मारुतीच्या पारावर एक महाराज प्रवचनाला आले होते. दुपारची वेळ, बायांची गर्दी. कोणीतरी त्यांच्या कानात सुमनची गोष्ट घातलेली. महाराज रंगात येऊन म्हणाले, "याच गावात एक माउली आहे. मरणाच्या दारातून परतली. कशाच्या बळावर? श्रद्धेच्या! नामाच्या!"

सुमन मधेच उभी राहिली. "म्हाराज, ती मी. मी नाव घेतलं न्हाई. शिव्या घेतल्या. नाव घेणारी गेली. तिचं काय चुकलं ते सांगा."

महाराजांनी माईक जरा पुढंमागं केला आणि दृष्टांत बदलला. बाया तिला पदर धरून खाली बसवायला लागल्या. माझं लक्ष मात्र मागच्या रांगेत गेलं. तिथं गयाबाईची लेक मंदा बसली होती. माहेरी आलेली, मांडीवर लेकरू. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंदा माझ्याकडे आली. ओसरीवर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मावशी, एक विचारू? माय मनानं कमी पडली का? समदे म्हणतात तसं? का मी सासरी होते, जास्त यायला झालं न्हाई, म्हून—"

मी खोटं बोलण्यात पटाईत बाई, पण त्या दिवशी खरं बोलले. म्हणाले, "मंदे, आमच्या सुमनला मी माझ्या हातानं दीड महिना हळद लावून थांबवलं. तिला येगळ्या कपात चहा दिला. खोटं बोलले. तरी ती जगली. तुज्या मायनं एक दिस वाया घालवला न्हाई आन् आमी तिला एक घडी एकटं सोडलं न्हाई. तरी ती गेली. आता तूच सांग, ह्यात कुणाचं मन मोजायचं?"

मंदानं पदराचं टोक बोटावरून सोडवलं. मग विचारलं, "मग आमी भजन म्हनलं, तुमी पाळ्या लावल्या, ते समदं फुकट?"

"फुकट कसं? तिला चौदा म्हयने एकटं वाटलं न्हाई. ते काय कमी हाय? पण त्याचा भाव जीव वाचण्यात लावू नको."

ती रडली आणि गेली. मी बोलले ते बरोबर होतं की नाही, कोण जाणे. मला तर माझ्या बरोबर बोलण्याचाही आता संशय येतो.

एवढं लिहून वही डब्यात ठेवली होती. मध्ये चार दिवस गेले. परवा सुमन हळद हलवायला आमच्या अंगणात आली. दोरीवर माझं झंपर वाळत होतं. तिनं ते उचललं, उलटं केलं, उन्हात धरलं.

"आक्का, हळद फोडताना हात पिवळे व्हतात. काखंखाली झंपर कसं पिवळं झालं?"

मी झंपर घ्यायला हात पुढं केला, तिनं दिलं नाही.

"गाठ हाय?"

"हाय."

"लेप लावला?"

"न्हाई."

"आक्का!"

"लावला."

"कदीपसून?"

"पहिल्या दिसापसून."

हो, लावला. एवढं सगळं डोळ्यांनी बघून, एवढी शहाणी होऊन, रोज दुपारी दार लावून मी स्वतःलाच लेप लावत होते. आणि स्वतःलाच म्हणत होते, नरम पडून राहिली. वहीलाही सांगितलं नव्हतं हे. माणसांचा संशय घेता घेता मी माझ्या या दोन हातांचा घ्यायचा विसरले.

सुमननं झंपर माझ्या अंगावर फेकलं. "घाला. आता निघायचं."

"अगं, कढई लागलेली हाय, हळद तरी निघू—"

"ते वाक्य पुन्हा तोंडातून काढलं तर ह्याच कढईत घालीन तुमाला."

बसमध्ये खिडकीच्या जागेवरून ती माझ्याशी भांडली. दवाखान्यात सुई घातली तेव्हा बाहेर उभी राहून ओरडली, "शिजली का?" परतताना फाट्यावर खिचडी खाल्ली. मी निम्मी ठेवली, तिनं माझ्या ताटातली ओढून घेतली आणि माझ्याच ग्लासातलं पाणी प्याली. म्हणाली, "तो कान तुटलेला कप कुठाय? काढा आता. तुमची पाळी आली." मी इतकं हसले की टपरीवाला बघायला लागला.

मग हसू ओसरल्यावर मी तिला म्हणाले, "सुमे, कागद तू आन. पण वाईट निघालं तर मला गोड बोलू नको. तेवढं सोसायचं न्हाई मला."

"काय बी निघो," ती म्हणाली, "कागद मी वाचून घेईन, खरं काय ते सांगीन, आन् शिव्या देतच सांगीन. गळ्याची शप्पत."

आज कागद मिळायचा दिवस. सुमन सकाळच्या गाडीनं गेली. मी ओसरीवर वही घेऊन बसले आहे. अंगणात हळद वाळते आहे. समोरची शेजारीण मघाशी उगाचच येऊन "काही लागलं तर सांगा हं" म्हणून गेली; तिला कोणी सांगितलं असेल, याचा विचार करते आहे.

फाटक वाजलं. सुमनच.

"आक्का! कोंबड्यांनी निम्मी हळद उकरली, आन् तुमी काय लिहून राहिल्या, डोंबल?"

तिच्या हातात पिशवी आहे. पिशवीतून कागदाचं टोक दिसतंय. मी तिच्या तोंडाकडे निरखून बघते आहे, आणि काहीएक कळत नाही. शब्दाला जागली बाई.

वही मिटते. आधी कोंबड्या हाकलू, मग ऐकू.